अबोलीची शेवंती कशी करावी

लग्नाच्या व्हिडिओत क्लिपांचे रंग एकमेकांशी जुळू द्यायचे नसतील तर एडिटिंगच्या टेबलापर्यंत थांबू नका. सुरुवात शूटिंगपासूनच करा.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं हे ठरवणारी सेटिंग, ऑटोवर सोडा. काही अरसिक माणसं उन्हासाठी ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), हॅलोजनसाठी ३२०० असं ठरवून तो लॉक करतात. तुम्ही पणजीच्या फोंताईन्हासमध्ये प्री-वेडिंगला जा आणि जोडप्याला निळ्या भिंतीपासून पिवळ्या भिंतीपर्यंत चालवा. निळं जास्त दिसलं की ऑटो चित्र पिवळट करू बघतो, पिवळं आलं की निळसर. क्लिप शेजारच्या क्लिपशी जुळणं दूरच, ती स्वतःच्या शेवटाशीही जुळत नाही.

कॅमेऱ्याला खरा रंग दाखवायला धरतात ते, १८ टक्के उजेड परतवणारं करडं कार्ड अर्थातच घरी विसरा. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या चेहऱ्याशी पुठ्ठा धरणार कोण?

फोंड्याकडच्या देवळाचं सभागृह मिळालं तर निम्मं काम आपोआप होतं. खिडकीतून पावसाळी उजेड, वर ट्यूबलाइट, समोर तुमचा हॅलोजन आणि मागे डेकोरेशनवाल्याचे जांभळे एलईडी. नवरीचा एक गाल निळसर, दुसरा हळदीचा. आता एडिटिंगमध्ये खुशाल व्हाइट बॅलन्सचा स्लायडर ओढा. तो अख्ख्या चित्राला एकदम ढकलतो, त्यामुळे एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो आणि कामाला अंत राहत नाही.

एडिटिंगला रात्री १ नंतर बसा, लॅपटॉपचा नाइट मोड चालू ठेवून. स्क्रीन पिवळी, म्हणून तुम्ही निळा वाढवणार. सकाळी नवरीचा घनश्याम झालेला असेल.

आधी उजेड सारखा करावा, मग व्हाइट बॅलन्स, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) शेवटी, असं जाणकार सांगतात. तुम्ही उलटीकडून या. एक चांगली क्लिप निवडून बाकी सगळ्या तिलाच जुळवायच्या, हाही त्यांचाच हट्ट. त्यापेक्षा प्रत्येक क्लिप आधीच्या क्लिपला जुळवत चला. कानगोष्टींच्या खेळासारखं आहे हे: दर वेळी चूक एवढीशीच, पण पुण्याहवाचनाला निघालेला पांढरा सदरा जेवणाच्या पंगतीत पिस्ता होऊन बसतो.

एका कॅमेऱ्यात सोनीचा एस-लॉग३ आणि दुसऱ्यात पॅनासॉनिकचा व्ही-लॉग (मुद्दाम फिकट चित्र टिपायच्या दोन वेगळ्या पद्धती) असेल तर दोघांनाही एकच लट (LUT, रंग बदलायचा तयार तक्ता) फासा. एका आईची लेकरं वाटली पाहिजेत, मग भले दुसऱ्याला काविळीची छटा येवो. नाहीतर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिपचे रंग दुसरीशी आपोआप जुळवणारं शॉट मॅच आहेच. मांडवातली क्लिप मिरामारच्या सूर्यास्ताशी जुळवायला सांगा. मुहूर्त सकाळी १० चा असला तरी भटजी तिन्हीसांजेचे होतील.

व्हेक्टरस्कोपकडे, म्हणजे चित्रातले रंग गोल तक्त्यावर मांडणाऱ्या आलेखाकडे, मात्र चुकूनही बघू नका. त्यावर त्वचेची एक रेषा असते. पांढऱ्या उजेडात माणूस गोरा असो की सावळा, त्याच्या कातडीचा रंग त्या रेषेच्या आसपासच पडतो, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं तांबडंच. हे शास्त्र आपल्या लग्नांत चालत नाही. मुलगी ‘जरा उजळ’ दिसायला हवी, असं आई तुमच्या कानात सांगून गेलेली असते. तेव्हा उजळवा. मुंडावळ्यांचे मोती, अक्षता, नाक, सगळं एकाच पांढऱ्यात विरघळू द्या.

मग पेन ड्राइव्ह पोचवा. घरात आत्या असतेच. तिनं अंगणातल्या अबोलीची फाती स्वतः ओवून माळलेली असते आणि अबोलीचा रंग कुठल्याही मॉनिटरपेक्षा तिला पक्का ठाऊक असतो. ती विचारेल, “माझी अबोली शेवंती कशी झाली रे?” तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगा, “आत्या, सिनेमॅटिक लुक आहे.”

आत्या मान डोलावेल, व्हिडिओ थोडा पुढे ढकलेल आणि म्हणेल, “बरं. मग ही तिसरी, गुलाबी, मी कधी माळली होती?”