नोंदणी नसली तरी हक्क असतो
डॉट इन नावांचे, म्हणजे .in ने संपणाऱ्या वेबसाइट पत्त्यांचे वाद निक्सीने (या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) नेमलेला लवाद सोडवतो, हे अशा वादांवरच्या तुमच्या लेखात बरोबर आहे. पण ट्रेडमार्क नोंदलेला नसेल तर हातावर हात ठेवून बसा, हा त्यातला सूर पटला नाही. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात सुप्रीम कोर्टाने डोमेन नावालाही (वेबसाइटच्या पत्त्यालाही) पासिंग ऑफचं, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचं, संरक्षण दिलंय; त्याला नोंदणी लागत नाही.

आमच्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळद विकणाऱ्या बचत गटाचं डॉट इन नाव कुणी भलत्यानेच घेतलं आणि सोडायला खर्चाच्या कितीतरी पट पैसे मागितले. ही मागणीच बदहेतूचा पुरावा! ताईंनो, तो मेसेज पुसू नका. जुनी बिलं, छापील पाकिटं, प्रदर्शनातले फोटो सगळं निक्सीकडच्या तक्रारीला जोडा. नाव परत मिळू शकतं; नुकसानभरपाईसाठी मात्र कोर्टच गाठावं लागेल.