आम्ही 'नाही' लिहून मोकळे झालो होतो

मागच्या दिवाळीआधी इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाकडून आम्हाला एक प्रश्नावली आली. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ आम्ही २२ जण मिळून पाण्याच्या टाक्यांवर आणि पाइपलाइनवर बसवायची सेन्सरची उपकरणं बनवतो. प्रश्नावलीचा विषय होता आधुनिक गुलामगिरी. तुमच्या पुरवठादारांकडे कुणाला जबरदस्तीनं राबवलं जातं का? कामगारांची कागदपत्रं कुणी ठेवून घेतं का? नोकरी मिळवायला त्यांना पैसे भरावे लागले का? भागीदार आणि मी, दोघांनी मिळून अर्ध्या तासात प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि मेल पाठवून दिला. खोटं लिहितोय असं दोघांनाही वाटलं नव्हतं. गुलामगिरी म्हणजे काँगोतल्या खाणी, मलेशियातले कारखाने. आपला काय संबंध?

तीन आठवड्यांनी आमच्या गेटवरच्या काकांनी माझ्याकडे दोन हजार रुपये उसने मागितले. काका साकोलीकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, एका सिक्युरिटी एजन्सीमार्फत आमच्याकडे लागलेले. मी सहज विचारलं, "काका, पगार झाला ना पाच तारखेला?"

"झाला साहेब. पण कार्ड सुपरवायझरपाशी आहे ना."

एटीएम कार्ड. एजन्सी दर महिन्याला त्यांच्या खात्यात कागदावरचा पूर्ण पगार जमा करायची, सुपरवायझर त्यांच्याच कार्डानं तो काढायचा आणि त्यातला एक भाग त्यांच्या हातावर ठेवायचा. बँकेच्या नोंदीत सगळं चोख. दहावीची मूळ मार्कशीट भरतीच्या दिवशी जमा करून घेतलेली. गणवेशाचे पैसे पगारातून कापलेले. ड्युटी रोज बारा तास, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. मी विचारलं, मग सोडत का नाही? ते म्हणाले, "सोडलं तं मागचे दोन महिन्याचे बुडते ना."

त्या रात्री मी ती प्रश्नावली पुन्हा उघडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं ठरवून दिली आहेत. कागदपत्रं अडकवून ठेवणं, मजुरी रोखून धरणं, फसवणूक, बेसुमार जादा तास ही त्यातली चार. चारही माझ्या गेटवर बसली होती आणि रोज सकाळी मला नमस्कार करत होती. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती. हा आकडा मी त्याआधीही वाचला होता. त्यात मी काकांना मोजलं नव्हतं.

'आधुनिक गुलामगिरी' हा शब्द आपल्याला परका वाटतो, म्हणून तो आपल्याला लागत नाही. आपला शब्द आहे वेठबिगार. सक्तीच्या मजुरीवर बंदी घालणाऱ्या आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये, इंग्रजी मजकुरातसुद्धा, 'बेगार' हाच शब्द घातला आहे, कारण ते दुखणं इथलं होतं. महार वतनात जमिनीच्या तुकड्याच्या आणि नाममात्र मोबदल्याच्या बदल्यात माणसाला सरकारी कामासाठी दिवसा-रात्री केव्हाही बोलावता येई, आणि तो नसला तर घरातल्या दुसऱ्याला. ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं होतं. आमच्या ऑफिसातून दीक्षाभूमी गाडीनं काही मिनिटांवर आहे. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही तिथे येणाऱ्यांसाठी पाण्याचे पाउच वाटतो. आणि इथे गेटवर एका माणसाची मार्कशीट गहाण पडली होती.

मित्रांशी बोललो तर बहुतेकांचं म्हणणं एकच: त्यांना कुणी साखळीनं बांधलंय का, गरज आहे म्हणून करतात. या वाक्याला सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच उत्तर दिलं आहे. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजुरांची किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला १ रुपया मजूर आणून देणारे जमादार आपलं कमिशन म्हणून कापून घ्यायचे, मजुराच्या हातात पडायचे ८ रुपये २५ पैसे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रालाच न्यायालयानं याचिका मानलं. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरी आहे, आणि पोटाची निकड, दुसरा पर्यायच नसणं, हीसुद्धा सक्तीच आहे. एका रुपयाची गोष्ट होती ती. काकांच्या पगारातून किती जात होते, ते मला इथे लिहवत नाही.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय तो मुद्दा. एजन्सीला शिव्या घालणं सोपं आहे आणि मी ते मनसोक्त केलं. मालकाला ऑफिसात बोलावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही देता त्या दरात कायद्यानं माणूस कोणी देऊन दाखवावा." मला राग आला. मग कागद घेऊन बसलो आणि उलट हिशेब मांडला. किमान वेतन आणि महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, सगळे आकार धरून १३ टक्के. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, ३.२५ टक्के. बोनस ८.३३ टक्के. आठवड्याची सुट्टी द्यायची तर त्या दिवशी बदली माणूस लागतो, म्हणजे आणखी साधारण सहावा हिस्सा. गणवेश, एजन्सीचा नफा, वर १८ टक्के जीएसटी. आणि गेट चोवीस तास सांभाळायचं तर आठ तासांच्या तीन पाळ्या, किंवा बारा तासांच्या दोन पाळ्या अधिक रोजच्या जादा तासांचे दुप्पट दरानं पैसे. बेरीज झाली आणि मी गप्प बसलो. करार करताना मी तीन कोटेशनं मागवली होती, सर्वांत खालचं निवडलं होतं, आणि त्यातूनही महिन्याला पंधराशे रुपये कमी करून घेतले होते. मी मान्य केलेल्या दरात हे सगळं बसूच शकत नव्हतं. उरलेले पैसे कुणाच्या तरी खिशातून जाणार होते, आणि एजन्सीच्या खिशातून जाणार नव्हते.

म्हणून माझं ठाम मत झालंय की आमच्यासारख्या छोट्या कंपनीत गुलामगिरी रोखायची जागा म्हणजे खरेदीचं टेबल. धोरणाचा सुंदर पीडीएफ वेबसाइटवर लावल्यानं काही होत नाही. ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा घ्या. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीतली गुलामगिरी रोखायला काय केलं याचं दर वर्षी निवेदन काढायचं, एवढंच त्यातल्या पुरवठा साखळीच्या कलमात आहे. 'आम्ही काहीही पावलं उचलली नाहीत' असं निवेदन काढलं तरी ते कायद्यात बसतं. मोठी कंपनी प्रश्नावली खाली ढकलते, आम्ही 'नाही' लिहून वर ढकलतो, आणि मधल्या मधे प्रत्येक जण दर पाडत राहतो. दर पाडणाऱ्याला कुणीच प्रश्न विचारत नाही. त्या प्रश्नावलीत एकही प्रश्न असा नव्हता की, तुम्ही देता त्या दरात कायदेशीर पगार बसतो का? हाच प्रश्न पहिला असायला हवा.

एजन्सी मी बदलली नाही. पहिला विचार तोच आला होता, आज संध्याकाळीच करार तोडायचा. पण करार तोडला असता तर काकांचे मागचे पैसे बुडाले असते आणि ते दुसऱ्या गेटवर याच अटींवर उभे राहिले असते. आमचे हात स्वच्छ झाले असते, एवढंच. आम्ही दर वाढवला आणि त्या बदल्यात अटी घातल्या: कार्ड आणि मूळ कागदपत्रं त्याच आठवड्यात परत, आठ तासांच्या पाळ्या, पगारपत्रक हातात, दर महिन्याच्या बिलासोबत पीएफ आणि ईएसआयसी भरल्याच्या चलनाची नावांसकट प्रत, आणि मागची थकबाकी हप्त्यांनी. विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा आमचा दरही आपोआप बदलेल हेही लिहून घेतलं. खर्च जवळजवळ दुपटीला टेकला. ऑफिस वाढवायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं.

मग हिंगणा एमआयडीसीत आमचे सर्किट बोर्ड जोडून देणाऱ्या युनिटकडे गेलो. तिथे कार्ड-बिर्ड कुणाचं अडकलेलं नव्हतं, मालक सरळ माणूस. पण हजेरीचा रजिस्टर चाळताना सप्टेंबरमधल्या सलग तीन रात्री दिसल्या. सोल्डरिंगच्या टेबलावरच्या बायका पहाटे दोनपर्यंत बसलेल्या. तारखा ओळखीच्या वाटल्या. त्या आमच्याच ऑर्डरच्या होत्या. डिझाइनमध्ये आम्ही शेवटच्या आठवड्यात बदल केला होता आणि डिलिव्हरीची तारीख मात्र हलवली नव्हती. आमचा उशीर त्या बायकांनी रात्री जागून भरून काढला. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "दादा, घरी लहान पोरगं असते, आधी सांगत जा ना." आता डिझाइन गोठवल्याशिवाय तारीख देत नाही, आणि ऑर्डरसोबत तीस टक्के आगाऊ देतो, म्हणजे युनिटला पगारासाठी आमच्या बिलाची वाट बघावी लागत नाही.

त्यापलीकडचं? आमच्या कपॅसिटरमधलं टँटलम, सोल्डरमधलं कथील, बॅटरीतलं कोबाल्ट. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या हातानं खोदल्या जाणाऱ्या खाणींत मुलं उतरतात, हे जगजाहीर आहे. तिथे २२ जणांच्या कंपनीचा आवाज पोचत नाही, हे मी मान्य करतो. तरी वितरकाला विचारता येतं की उत्पादकानं धातू गाळणाऱ्या कारखान्यांची यादी दिली आहे का. मोठे उत्पादक देतात. दोन पुरवठादारांनी दिली, एकानं उत्तर दिलं नाही, आणि त्याचा भाग आम्ही पुढच्या डिझाइनमधून काढला. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं आधी पूर्ण करावं, आणि ते गेटवर, सफाईवाल्या ताईंच्या ठेक्यात, जुने बोर्ड उचलून नेणाऱ्या भंगारवाल्याकडे आहे. भंगारवाल्याचं काम अजून बाकी आहे. आमचे फेकलेले बोर्ड कोण, कुठे, कशात जाळून तांबं काढतो, हे मी अजून पाहिलेलं नाही. ते बघायला जाणार आहे.

प्रश्नावली आम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवली. या वेळी पाच ठिकाणी 'हो' होतं आणि प्रत्येक 'हो'खाली काय सापडलं आणि काय केलं ते लिहिलं. भागीदाराला भीती होती की ऑर्डर जाईल. गिऱ्हाइकानं सहा महिन्यांनी पुन्हा कळवा असं सांगितलं. ऑर्डर चालू आहे. गेली असती तरी हेच लिहिलं असतं.

नागपुरात ज्यांची छोटी कंपनी, क्लिनिक, सोसायटी, दुकान आहे, त्यांना उलट हिशेबाची ती शीट हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. आपल्या गार्डचा दर त्यात टाकून बघा आणि एकदा गेटवर जाऊन विचारा, कार्ड कुणाकडे आहे.

काकांच्या थकबाकीचे दोन हप्ते जमा झाले. तिसरा १० तारखेला आहे. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बसून पासबुक बघणार आहोत.