‘डुप्लिकेट बेल्ट घातला’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन रविवारी रिसॉर्टवर पाहुणे असताना एटीव्ही (चिखल-डोंगरात फिरवायची जाड चाकांची मोकळी गाडी) बंद पडली, तुमची अडचण झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. पण “नवा बेल्ट आठवड्यात जळाला म्हणजे डुप्लिकेट माल” असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, म्हणून मलाही इथंच बोलावं लागतंय.

बेल्ट, म्हणजे दोन पुल्यांवर फिरून इंजिनचा जोर चाकांकडं नेणारा रबरी पट्टा, कंपनीचाच होता. खोकं आणि बिल तुमच्या माणसाच्या हातात दिलंय. पार्ट नंबर बेल्टच्या पाठीवर छापलेला आहे आणि तो अजून वाचता येतो, कारण जळालेला बेल्ट मी टाकलेला नाही. पुली खराब असती तर बेल्ट सगळीकडून सारखा घासला असता, नाहीतर कडेचे दोरे सुटले असते. तुमचा बेल्ट बाकी सगळा नवाकोरा आहे, फक्त एकाच जागी दोन्ही कडांनी आत खाल्लाय. मोजायला व्हर्निअर कशाला, नुसतं बोट फिरवलं तरी खड्डा लागतो. चाकं रुतून बसली की बेल्ट जागच्या जागी थांबतो आणि वरून रेस दिली की इंजिनकडची पुली त्याच ठिकाणी रगडत राहते. रबर जळायला काही सेकंद पुरतात. गाडी घेऊन आलेल्या पोरानंच सांगितलं, ओढ्याच्या चिखलात रुतली होती, मागं ट्रॉली होती आणि गिअर हायमध्येच, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या वेगाच्या गिअरमध्येच होता. त्याला बोल लावू नका, तो खरं बोलला.

डिलिव्हरी देताना मी स्वतः सांगितलं होतं: पहिले पन्नासेक किलोमीटर सांभाळून चालवा, चढाला, चिखलात आणि ओझं असताना लो (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाका, जळका वास आला की थांबा.

बिलाचं म्हणाल तर पैसे नुसत्या बेल्टचे नव्हते. नवा बेल्ट घालायला बेल्टचं कव्हर उघडलं तेव्हा आतून लाल चिखलाचं पाणी आलं. ओला बेल्ट सरकतो, म्हणून दोन्ही पुल्या खोलून साफ केल्या, पुलीतले रोलर तपासले, हवेचा पाइप मोकळा केला. पाण्यातून गाडी काढली की कव्हरचा ड्रेन प्लग उघडून पाणी सोडायचं आणि न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट सुकवायचा, हेही तेव्हाच दाखवलं होतं.

साहेब, वडिलांपासून आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात काळे करतोय. गगनबावडा, पन्हाळ्याकडच्या गाड्या आमच्याकडं येतात त्या नावावर. तुमचं वाचून जुन्या गिऱ्हाईकांचे फोन आले, “काय हो, खरं काय?” म्हणून. ते फार लागलं.

यापुढं सूचना कागदावर लिहून द्यायचं बघतो, फोनही लवकर उचलत जाऊ. बेल्ट काउंटरवर ठेवलाय. तुमच्या ओळखीचा कुणीही मेकॅनिक घेऊन या आणि त्याला दाखवा. पटलं तर रिव्ह्यूतलं ‘डुप्लिकेट’ तेवढं काढा, स्टार राहू दे एकच.