टू-व्हील-ड्राइव्हची फोर बाय फोर: ‘नुसतं नटबोल्टचं काम’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक दावा जोरात फिरतोय. टू-व्हील-ड्राइव्ह (इंजिनची ओढ दोनच चाकांना) आणि फोर बाय फोर (ओढ चारही चाकांना) एसयूव्हीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, एकच असते, कंपनी वरच्या मॉडेलचे उगाच जादा पैसे घेते. भंगारातून ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), पुढचा डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आणि एक जास्तीचा प्रोपेलर शाफ्ट (तिथवर ताकद नेणारा लांब दांडा) आणा, दोन दिवसांत बसवा, मग गाडी कुठेही जाईल. मजकूर ठासून लिहिलेला आहे आणि त्यातला एखादा तुकडा खराही आहे, म्हणूनच तो जास्त घातक. त्याच्या भरवशावर धडधाकट गाड्या खोलल्या गेल्या आणि महिनोन्‌महिने स्टँडवरून खाली उतरल्या नाहीत, हे मी पाहिलं आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

“चेसिस एकच असते.”

आधी गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा. इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना, अशा मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच असलेल्या) एसयूव्हीत हा दावा पहिल्याच पायरीला संपतो. रेनॉ डस्टरचंच बघा. टू-व्हील-ड्राइव्ह डस्टरला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई असते, तर फोर बाय फोरला मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळ्या दांड्यांवर. त्या बीमच्या टोकाला जे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आहेत, त्यांतून हाफ शाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) जायला वाटच नाही. म्हणजे मागचं अख्खं सस्पेन्शन, ते धरणारी सबफ्रेम, मधून शाफ्ट जाऊ देणारी इंधनाची टाकी, एक्झॉस्टचा मार्ग, सगळं बदलणं आलं. पुढे गिअरबॉक्सला चिकटून मागे ताकद वळवणारं पॉवर ट्रान्सफर युनिट लागतं ते वेगळंच. एवढं करूनही लो रेंज (वेग कमी करून ओढ वाढवणारी जास्तीची गिअरजोडी) मिळत नाहीच. फोर बाय फोर डस्टरलाही ती नव्हती. त्याऐवजी पहिला गिअर मुद्दाम जास्त आखूड दिला होता. अशा गाडीचा विचार इथेच सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅडर फ्रेमवाल्या (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्याच्या), मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं. तिथे मुख्य लांब पट्ट्या खरोखर सारख्या असू शकतात. पण डिफरेन्शियल टांगायचे ब्रॅकेट आणि ट्रान्सफर केसखालचा क्रॉसमेंबर त्यांवर असतीलच असं नाही. पुढे इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन असेल तर कॉइल आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नेमके तिथेच उभे असतात, जिथून हाफ शाफ्ट जायला हवा. इंजिनचं ऑइल चेंबर डिफरेन्शियलवर आपटतं. मग चेंबर बदला, आणि त्याबरोबर आतला ऑइल उचलणारा पाइपही.

हबकडे तर कुणी बघतच नाही. टू-व्हील-ड्राइव्ह गाडीचं पुढचं चाक काढून, डस्टकॅप उघडून बघा. बहुतेक वेळा आत भरीव स्पिंडल दिसेल, त्यावर बेअरिंग आणि टोकाला नट. फोर बाय फोरमध्ये त्या जागी आरपार भोक असतं आणि त्यात खाचा, ज्यांत शाफ्टचे दाते बसतात. भरीव स्पिंडलमधून ताकद चाकापर्यंत जायला रस्ताच नाही. म्हणजे हब, बेअरिंग, स्टिअरिंग नकल, ब्रेक कॅलिपरची बैठक आणि एबीएसचा सेन्सर, हा पूर्ण संच बदलायचा. ‘एक डिफरेन्शियल आणा’ या तीन शब्दांत यातलं काहीही येत नाही.

“ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या मागे बसते.”

बसते, पण कुठल्या गिअरबॉक्सच्या मागे? टू-व्हील-ड्राइव्हच्या गिअरबॉक्सला मागे लांब शेपटासारखं हाउसिंग असतं आणि बऱ्याच गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचा योक (जोडाचं टोक) त्यातच पुढेमागे सरकतो. ट्रान्सफर केसला लागतो वेगळ्या लांबीचा, तिच्या आतल्या खाचांशी दाते जुळणारा आउटपुट शाफ्ट, आणि मध्ये अ‍ॅडॉप्टर. तो शाफ्ट बाहेरून बदलता येत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये बहुधा त्याच शाफ्टवर गिअर चढवलेले असतात, त्यामुळे पूर्ण गिअरबॉक्स खोलावा लागतो. त्यापेक्षा फोर बाय फोरचा अख्खा गिअरबॉक्स आणणं शहाणपणाचं. मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा बॅलन्स करायचा, जॉइंटचे कोन तपासायचे. नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टच्या जॉइंटमधले अधिकचिन्हासारखे तुकडे) खलास होतात.

“डिफरेन्शियल कुठलाही चालतो.”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. समजा मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ३.७३ आहे आणि भंगारात मिळालेला पुढचा ४.१०. दिसायला फरक किरकोळ. टायरचा घेर सुमारे २.३१ मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाक ४३३ वेळा फिरतं. तेवढ्यात मागचा प्रोपेलर शाफ्ट १,६१५ फेरे घेणार आणि पुढच्याला हवेत १,७७५. पार्ट-टाइम (गरजेपुरतीच चारही चाकांना ओढ देणारी) ट्रान्सफर केस फोर बाय फोरमध्ये टाकली की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात. मग हे १६० फेरे जाणार कुठे? चिखलात टायर घसरून तो ताण सुटतो. पक्क्या रस्त्यावर तो टायर, क्रॉस, क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर साठत जातो, आणि त्यातलं जे कच्चं असेल ते तुटतं.

रेशो तंतोतंत जुळले तरी डांबरावर फोर बाय फोर लावून वळू नये, तेही याच कारणाने. व्हीलबेस २.७ मीटर आणि मागचा अ‍ॅक्सल ६ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर पुढचा सुमारे ६.६ मीटर त्रिज्येने वळतो. काटकोनातल्या एका वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळजवळ ०.९ मीटर जास्त चालतात. हा फरक सामावून घ्यायला फुल-टाइम (कायम चारही चाकांना ओढ देणाऱ्या) गाडीत मध्ये तिसरा डिफरेन्शियल असतो. पार्ट-टाइम गाडीत तो नसतो, आणि भंगारातून बहुधा पार्ट-टाइमच हाती लागते. दावा करणाऱ्याने याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

“वेल्डिंग करून ब्रॅकेट मारले की झालं.”

हिशेब करून बघा. इंजिनचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज २.७२, डिफरेन्शियल ४.१०. गुणाकार १३,००० च्या वर जातो. घर्षणातला तोटा वजा केला आणि उरलेला टॉर्क दोन अ‍ॅक्सलमध्ये वाटला, तरी आकडा मोठाच राहतो. एरवी टायर घसरतो आणि भार तिथेच सुटतो. पण चाक दोन दगडांत अडकलं की निम्म्याहून जास्त जोर त्या एकाच अ‍ॅक्सलवर येतो आणि त्याची उलटी प्रतिक्रिया तुमच्या घरगुती वेल्डिंगवर. डिफरेन्शियल जागचा हलला आणि शाफ्ट निसटला, तर तो स्टिअरिंगच्या आणि ब्रेकच्या पाइपांच्या अगदी शेजारी असतो. गाडीत माणसं बसलेली असतात, याचं भान या मजकुरात कुठेच नाही.

“चारही चाकं ओढतात, म्हणून गाडी जास्त सुरक्षित.”

ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. फोर बाय फोरमुळे निसरड्यावर वेग धरणं सोपं होतं. थांबायला मदत होत नाही, उलट वाढलेलं वजनही थांबवावं लागतं. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचा हिशेब चाकं स्वतंत्र फिरतात हे धरून केलेला असतो. पुढचा-मागचा अ‍ॅक्सल बांधला गेला की तो हिशेब बिघडतो. कंपनीच्या फोर बाय फोरमध्ये कंट्रोल युनिटला लिव्हर कुठल्या जागी आहे ते कळतं, आणि अनेक गाड्यांत लो रेंजला स्टॅबिलिटी कंट्रोल आपोआप बंद होतं. बदललेल्या गाडीतल्या जुन्या युनिटला यातलं काही ठाऊक नसतं.

“मग गाडी कुठेही जाईल.”

दोन्ही डिफरेन्शियल ओपन (लॉक नसलेले, मोकळ्या चाकालाच फिरवत बसणारे) असतील तर पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी होताच गाडी जागीच उभी राहते, चारही चाकांना ओढ असूनही. याउलट चांगले टायर, मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरेन्शियल) आणि वाळूत ३५ पीएसआयवरून १८-२० पर्यंत उतरवलेली हवा, एवढ्यावर टू-व्हील-ड्राइव्ह गाडी बरीच लांब जाते. परतताना हवा पुन्हा भरायला कॉम्प्रेसर मात्र जवळ हवा. आधी हे करून बघा. त्यानंतरही उणीव जाणवली तर ती बहुधा लो रेंजची असेल, तीव्र उतार आणि खडक यांपुरती.

आता दाव्यातला खरा तुकडा. काही गाड्यांत हे काम खरोखर जमतं. १९८४ ते २००१ दरम्यान बनलेली जीप चेरोकी एक्सजे घ्या. तिच्या टू-व्हील-ड्राइव्हलाही पुढे सरळ आडवा अ‍ॅक्सल होता, फक्त त्यात डिफरेन्शियल नव्हता. तो ज्या लिंकांवर टांगलेला, त्याच लिंकांवर फोर बाय फोरचा डाना ३० हा पुढचा अ‍ॅक्सल चढतो. तरीही गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट वेगळाच लागतो, म्हणून तोही फोर बाय फोरवालाच आणलेला बरा. ज्यांचं काम नीट झालं, त्यांनी सुटे भाग गोळा केले नव्हते. त्याच मॉडेलची, त्याच सुमाराच्या सालाची, त्याच इंजिनाची अपघातात गेलेली अख्खी फोर बाय फोर गाडी त्यांनी विकत घेतली. मग वायरिंग, लिव्हर, ब्रॅकेट, अगदी ठरावीक लांबीचे बोल्टसुद्धा एकाच जागी मिळाले.

सुटे भाग देणारी अशी अख्खी गाडी मिळत असेल, तर तिची किंमत, मजुरी, लागणाऱ्या मंजुऱ्या आणि विमा कंपनीची लेखी संमती हे सगळं मांडा. त्यासमोर आपली गाडी विकून तयार फोर बाय फोर घेण्यातला फरक लिहा. बहुतेकांच्या बाबतीत दुसरा आकडाच लहान निघेल. तरी करायचंच ठरलं, तर आपली गाडी खोलण्याआधी त्या अपघाती गाडीच्या दोन्ही डिफरेन्शियलवरच्या, रेशो लिहिलेल्या पट्ट्या वाचा. पट्टी नसेल तर कव्हर उघडून क्राउन आणि पिनियनचे दाते मोजा, क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागा, आणि दोन्हीकडे तोच आकडा आला तरच पहिला बोल्ट सोडा.