मयताच्या केसमध्ये परका माणूस कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस गेला की त्याचं भांडणही संपायला हवं, आणि चालवायचंच असेल तर बायकोमुलं आहेत ना, कोर्टाने परका माणूस नेमायचा आणि त्याने इस्टेटीतून फी घेत केस चालवायची हा सगळा वकिलांचा धंदा आहे. फीबद्दल तुमचा राग रास्त आहे, त्यावर खाली येतो. पण ‘माणूस गेला, भांडण संपलं’ हे मला अजिबात पटत नाही.

कारण एकेकाळी कायदा खरंच तसा होता, आणि त्याचं काय होतं ते लोकांनी भोगलंय. इंग्लंडमध्ये १८०८ साली बेकर विरुद्ध बोल्टन म्हणून केस झाली, प्रवासी घोडागाडी उलटली, टपावर नवराबायको दोघं होते, बायको साधारण महिनाभराने गेली. कोर्ट म्हणालं की माणसाचा मृत्यू हे दिवाणी दाव्यात नुकसान म्हणून धरताच येत नाही, त्यामुळे नवऱ्याला भरपाई मिळाली ती त्याच्या स्वतःच्या दुखापतीची आणि बायको जिवंत होती तेवढ्याच दिवसांची. म्हणजे निष्काळजीपणे एखाद्याला जखमी केलं तर पैसे भरायचे, आणि तो मेलाच तर सुटका! रेल्वे आल्यावर अपघात वाढले, मग १८४६ ला तिथे फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट आला, आपल्याकडे त्याच धर्तीवर १८५५ चा. पण या कायद्यांतून मिळणारे पैसे घरच्यांच्या नुकसानीचे. मयताने स्वतः भोगलेलं दुखणं, औषधपाण्याचा खर्च, बुडालेला पगार, हा त्याचा स्वतःचा हक्क तिथे त्याच्यामागे जिवंत राहायला १९३४ चा कायदा यावा लागला. म्हणून मी म्हणतो, मयताच्या बाजूने कोणीच उभं राहिलं नाही तर भांडण संपत नाही, ते प्रतिवादी फुकटात जिंकतो.

आता ‘वारस आहेत ना’. आहेत, आणि बऱ्याचदा तेवढं पुरतंही. आपल्याकडे चालू दाव्यात वादी गेला तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर लावायचे असतात, नाहीतर दावा अबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, त्यासाठी परका कोणी लागत नाही. पण सगळीकडे असं नाहीये. इंग्लंडमधलीच १९४४ ची इंगॉल विरुद्ध मोरन बघा, मुलगा वाहनाच्या अपघातात गेला, वडिलांनी इस्टेटीचे व्यवस्थापक म्हणून दावा लावला, पण लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे व्यवस्थापक नेमल्याचं कोर्टाचं पत्र, हातात आलं दावा लावल्यानंतर, आणि अपील कोर्टाने सांगितलं की ज्या दिवशी दावा लावला त्या दिवशी तुम्हाला तो अधिकारच नव्हता, दावा मुळातच बाद. सख्खा बाप होता तो! अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत मृत्यूच्या भरपाईचा दावा कोर्टाने नेमलेल्या प्रतिनिधीनेच लावायचा असतो, घरच्यांनी परस्पर नाही.

आणि वारसांचंच एकमेकांशी पटत नसेल तर? गाडी चालवणारा सख्खा भाऊच असेल, म्हणजे वारस तोच आणि प्रतिवादीही तोच? मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असतील, मृत्युपत्र खरं की खोटं यावर वाद चालू असेल, आणि तिकडे लिमिटेशनचं, म्हणजे दावा लावायच्या मुदतीचं, घड्याळ सहसा थांबत नाही. अशाच वेळेसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम २४७ मध्ये वाद मिटेपर्यंत व्यवस्थापक नेमायची सोय आहे, त्याला बाकी सगळे अधिकार, फक्त इस्टेट वाटायचा नाही. म्हणजे तो वसूल करू शकतो, दावा चालवू शकतो, पण कोणाच्या हातात काय द्यायचं हे त्याच्या हातात नाही, मला तर ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. कलम २५१ खाली तर फक्त एका चालू दाव्यापुरता प्रतिनिधी नेमता येतो. आणि वारसच सापडत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २२ नियम ४अ आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेला, त्यात कोर्ट ॲडमिनिस्ट्रेटर जनरलला (मयतांच्या इस्टेटी बघणारा सरकारी अधिकारी), कोर्टाच्या अधिकाऱ्याला किंवा योग्य वाटेल त्या माणसाला त्या दाव्यापुरतं मयताच्या इस्टेटीसाठी उभं करू शकतं.

हां, सगळेच हक्क मागे राहत नाहीत. उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६ प्रमाणे बदनामी, मारहाण आणि ज्यातून मृत्यू झाला नाही अशी शारीरिक इजा, याचे दावे माणसाबरोबर जातात. तिथे तुमचं ‘संपलं’ बरोबर आहे, मला मात्र ते अन्यायाचंच वाटतं.

आता फी आणि तुमच्या नात्यातली केस. तुम्ही लिहिलंय की तिथल्या व्यवस्थापकाने वारसांना हिशोबच दाखवला नाही. हे चूकच आहे आणि याचं समर्थन मी कधीच करणार नाही, नेमलेला माणूस मयताच्या पैशाचा मालक नसतो. पण त्यावर उपाय आहे. ग्रँट, म्हणजे कोर्टाचं नेमणुकीचं पत्र, मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात जमाखर्चाचा हिशोब कोर्टात द्यायचा असतो, उत्तराधिकार कायद्याचं कलम ३१७. मुद्दाम आणि काही कारण नसताना तो दिला नसेल तर कलम २६३ खाली ग्रँट रद्द करून मागता येते. नेमताना त्याच्याकडून घेतलेला बाँडही (हमीपत्र) फाइलवर असतो. तुमच्या नातेवाईकांना सांगा की आधी कोर्टातून त्या फाइलची नक्कल काढा, यादी आणि हिशोब दाखल झालाय का ते बघा, आणि नसेल तर वकिलाला धरून लगेच अर्ज टाका, त्या माणसाशी फोनवर वाद घालण्यात अजून महिने घालवू नका.