चहाचा मसाला म्हणजे गोडा मसाला नव्हे

‘पुण्याच्या अमृततुल्यचं सिक्रेट’ या नावाने एक कृती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. थोडक्यात ती अशी: सुंठ, वेलदोडे, मिरे, लवंग, दालचिनी, जायफळ समप्रमाणात घ्या. तांबूस होईतो खमंग भाजा. गरम असतानाच मिक्सरला लावा, वस्त्रगाळ करा. डबा वर्षभर टिकतो. कपामागे अर्धा चमचा, तोही गॅस बंद करताना घाला. ओलं आलं घालू नका, दूध फाटतं. आणि रोज प्यायलात तर सर्दीपासून शुगरपर्यंत सगळं पळतं.

लिहिणाऱ्याचा हात गोड्या मसाल्यावर बसलेला दिसतो. भाजा, कुटा, उन्हाळ्यात वर्षाचा भरून ठेवा, ही रीत तिथली. गोड्या मसाल्यात धने, तीळ, खोबरं असतं आणि भाजल्याशिवाय त्यांना चव चढत नाही. चहाच्या मसाल्यात यातलं काहीच नसतं, तिथे सगळा खेळ वासाचा.

‘समप्रमाणात घ्या.’ लवंग आणि सुंठ एका मापाने घेणं म्हणजे हिंग आणि डाळ एका मापाने घेणं. हिशेब करून बघा. सहा जिन्नस सारखे, कपात अर्धा चमचा म्हणजे साधारण एक ग्रॅम मसाला. त्यातली लवंगच दोन नगांच्या आसपास भरते, शिवाय अख्खी नव्हे, पूड झालेली. जीभ बधिर होते, चहा लागतच नाही. जायफळही तसंच, जास्त झालं की कडवटपणा येतो.

घरच्या चार माणसांसाठी हे माप धरा: सुंठ 20 ग्रॅम, सालासकट वेलदोडे 12 ग्रॅम, मिरे 8 ग्रॅम, दालचिनी 5 ग्रॅम, लवंग 2 ग्रॅम (वीस-पंचवीस नग) आणि पाव जायफळ. साल काढून सगळं मिळून 45 ग्रॅमच्या आत-बाहेर होतं. चार कपांना मिळून सपाट अर्धा चमचा पुरतो. कपामागे नव्हे, चार कपांना. तिखट नको असेल तर मिरे पाचवर आणा, वेलदोड्यांना हात लावू नका.

‘तांबूस होईतो भाजा.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वेलदोड्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. भाजताना स्वयंपाकघर घमघमतं ते याच तेलामुळे, आणि जे घरभर पसरलं ते डब्यात उरत नाही. लवंग करपली की कडू होते. मिरे, दालचिनी आणि लवंग मंद आचेवरच्या तव्यावर मिनिटभर फिरवायची, हाताला कोमट लागली की उतरवायची. हेतू फक्त ओल घालवण्याचा. कडक ऊन असेल तर दोन तास ताटात पसरली तरी तेच काम होतं. वेलदोडे आणि जायफळ तव्यावर न्यायचेच नाहीत.

‘गरम असतानाच मिक्सरला लावा, वस्त्रगाळ करा.’ गरम मसाल्याची वाफ झाकणाला धरते आणि पूड चिकटते. पूर्ण गार होऊ द्या. सुंठ अख्खी टाकाल तर भांडं खडखडेल आणि शेवटी दोरेच दोरे उरतील, म्हणून आधी बत्त्याने ठेचून तुकडे करा. तुकडे करताना आत बघा, सुंठेला भोकं पाडणारा किडा लागतो आणि तो बाहेरून नेहमी दिसतोच असं नाही. पांढरीफेक दिसणारी सुंठ बऱ्याचदा चुना लावलेली असते. मंडईजवळ किंवा मार्केट यार्डातल्या भुसार दुकानात मळकट तपकिरी मागा. वेलदोडे सोला, दाणे सुंठेच्या तुकड्यांबरोबरच फिरवा, म्हणजे दाण्यांचं तेल सुंठ शोषते आणि पात्याला थर बसत नाही. सालं फेकू नका, चहा पावडरच्या डब्यात टाका. जायफळ किसणीवर किसून शेवटी मिसळा. मिक्सर पाच-पाच सेकंद, थांबत थांबत. बारीक रव्याइतकं झालं की पुरे. वस्त्रगाळ पूड तारेच्या गाळणीतून खाली उतरते आणि शेवटचा घोट मातकट लागतो, त्यात दालचिनीची बारीक पूड भिजली की बुळबुळीत होते.

‘वर्षभर टिकतो.’ खराब होत नाही, हे खरं. वास मात्र पूड केल्यापासून उतरायला लागतो. वरच्या मापाचा मसाला दिवसातून दोनदा चार कप चहा करणाऱ्या घरात तीन आठवड्यांत संपतो, म्हणून तेवढाच करायचा. काचेची छोटी बरणी, गॅसपासून लांब, आत कोरडाच चमचा. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की उघडी राहिलेली बरणी दोन दिवसांत गोळा धरते.

‘गॅस बंद करताना घाला.’ हे अर्धं बरोबर आहे. वेलदोड्याला शेवटचं अर्धं मिनिट पुरतं. सुंठ, मिरे आणि दालचिनी मात्र पाण्यात उकळल्याशिवाय उतरत नाहीत, नुसती वर तरंगतात. एकत्र पूड असेल तर ती चहा पावडरच्या आधी, उकळत्या पाण्यात, झाकण ठेवून दोन मिनिटं. वेलदोड्याचा हट्ट असेल त्यांनी एखादा वेलदोडा दूध घातल्यावर ठेचून टाकावा.

‘आल्याने दूध फाटतं.’ कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, त्यामुळे किसलेलं आलं थेट कोमट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं. उकळीत ते विकर निकामी होतं. इंचभर आलं ठेचून पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळा उकळा, मग पावडर, मग गरम दूध. तरीही फाटलं तर आल्यावर आळ घेण्याआधी पिशवीची तारीख बघा. आलं घातलंत तर मसाला पाव चमचाच, सुंठ त्यात आहेच.

‘सर्दीपासून शुगरपर्यंत.’ गरम चहाने घसा शेकतो, बरं वाटतं. साखरेचे दोन चमचे घातलेल्या चहाने शुगर उतरेल हे कुठल्या हिशेबात बसतं? दालचिनीबद्दल एक सांगायला हवं. बाजारात जास्त मिळते ती जाड सालीची, एकाच वळ्याची, म्हणजे कॅशिया. तिच्यात कुमारिन असतं आणि ते जास्त प्रमाणात रोज पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. आपल्या मापात ती नगण्य आहे, पण औषध म्हणून चमचा-चमचा खाऊ नये. पातळ, पापुद्र्यांची सिलोनची दालचिनी महाग असते, वासाला सौम्य असते.

राहिलं सिक्रेट. जुन्या अमृततुल्यांत पितळी पातेल्यात दूध-साखर-चहा एकत्र आटत असतो, वेलदोडा आणि आलं किंवा सुंठ ताजी कुटून पडते आणि चहा फडक्यातून गाळला जातो. चव त्या आटण्याची आणि ताज्या कुटण्याची.

फॉरवर्ड वाचून कडक भाजलेला डबा आधीच भरून ठेवला असेल तर तो छोल्यांत किंवा मटणाच्या रश्श्यात चिमटी-चिमटी संपवा. तिथे खपून जाईल.