पुढे नाचणी, मागे मैदा

सात टक्के! बिस्किटांच्या पाकिटाच्या पुढच्या बाजूला नाचणीची भरलेली कणसं, हिरवं शेत, पदर घेतलेली हसरी आजी आणि बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘नाचणी’. मागे, जिथे पाकिटाची शिवण येते त्या पट्टीखाली, पिवळ्यावर पांढऱ्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि इंग्रजीत: रिफाइंड व्हीट फ्लोअर, साखर, पाम तेल आणि मग चौथ्या नंबरावर नाचणीचं पीठ, 7 टक्के. तेवढंही दिसलं ते दुकानाचा भावाचा स्टिकर नखाने खरवडल्यावर. सगळं पाकीट मोकळं पडलेलं असताना स्टिकर नेमका घटकांवर! अर्धा निघतो, अर्धा गोंदासकट तिथेच राहतो आणि त्याच्याखालचीच ओळ आपल्याला हवी असते.

दिवाळी संपली की घरोघरी तेच वाक्य: आता जरा हेल्दी खाऊ या. म्हणणारे सगळे, करणारी एक. फराळाचे डबे घासायचे तिने, शाळेतून आलेलं डब्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावायचं तिने, सोमवारी मोड आलेली कडधान्यं आणि बुधवारी भरडधान्य हे लक्षात ठेवायचं तिने. मग ती सात मिनिटं काढून दुकानात जाते, नाचणीचं चित्र बघून विश्वासाने पाकीट उचलते आणि घरी काय आणते, तर मैदा. तोच मैदा, ज्याच्या शंकरपाळ्या संपवून आपण सगळे शहाणे व्हायला निघालो होतो! शंकरपाळ्यांत साखर किती पडली हे तिला निदान ठाऊक होतं, वाटीने मोजून तिनेच घातली होती. शंकरपाळी कधी पौष्टिक असल्याचा आवही आणत नाही.

नुसत्या नाचणीचं बिस्किट धरत नाही, भुगा होतो, हे मान्य. नाचणीत पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाही, म्हणून पीठ बांधायला गहू लागतो. घाला ना गहू. कणीक घाला. मैदाच घालायचा असेल तर तोही घाला, पण मग पुढे गव्हाचं शेत छापा. 2020 च्या लेबलच्या नियमांत स्पष्ट आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे आणि ज्या घटकाचं नाव किंवा चित्र मिरवायचं त्याचा टक्का छापायचा. छापतात. कुठे, किती बारीक, कोणत्या शिवणीखाली, तिथे सगळी हुशारी खर्च होते.

आणि ते ‘प्रति सर्व्हिंग’! पाकीट 75 ग्रॅमचं, सर्व्हिंग 15 ग्रॅम, म्हणजे दोन बिस्किटं. कोणतं पोर दोन बिस्किटांवर उठतं? 100 ग्रॅमला साखर 28 ग्रॅम, सर्व्हिंगला 4.2 ग्रॅम आणि शेजारी ‘8 टक्के’, म्हणजे वाचणारीला वाटावं की किरकोळ आहे. हे 8 टक्के कशाचे? दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी धरलेल्या 50 ग्रॅम वरून घातलेल्या साखरेचे. दुसरीतल्या मुलाचा आहार तेवढा नसतो. त्याने पाकीट संपवलं की 21 ग्रॅम साखर गेली पोटात. चहाचा चमचा 4 ग्रॅमचा धरा, पाच चमचे झाले. डब्यात पाच चमचे साखर कोणती आई हाताने घालून देईल?

म्हणून सर्व्हिंगचा रकाना बघूच नका. 100 ग्रॅमच्या रकान्यातला साखरेचा आकडा घ्या, पाकिटाच्या वजनाने गुणा, 100 ने भागा आणि उत्तराला 4 ने भागा. तेवढे चमचे. पहिले तीन घटक वाचा, माल त्यांचाच असतो. साखरेची टोपणनावंही पाठ करा: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण पोटात गेल्यावर लगेच त्याची साखर होते. एकाच पाकिटात तीन प्रकारची साखर घातली की प्रत्येकीचं वजन कमी भरतं आणि तिन्ही यादीत खाली सरकतात. ‘साखर नाही, फक्त गूळ’ असं लिहिणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. गूळ ही मुख्यतः साखरच. त्यात थोडं लोह असेल, पण म्हणून पोराला वाटीभर गूळ कोणी देतं का?

ब्राऊन ब्रेडचंही तेच. रंग तपकिरी म्हणून लोक दहा-पंधरा रुपये जास्त मोजतात, आणि मागे लिहिलेलं असतं मैदा आणि रंग 150, म्हणजे कॅरॅमल. सुपाच्या पाकिटावर गाजर आणि मटार, आत कॉर्नफ्लोअर आणि मीठ. ‘रोस्टेड’ चिवड्याच्या यादीत दुसऱ्या नंबरावर तेल. दुधात घालायच्या पावडरींना तर वर्षानुवर्षं हेल्थ ड्रिंक म्हणायचे. शेवटी 2024 च्या एप्रिलमध्ये सरकारला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं की असली पेयं त्या नावाच्या विभागातून काढा. तोवर किती घरांत दोन-दोन चमचे ढवळले गेले!

भाषेचा राग तर वेगळाच. घटकांची यादी इंग्रजीत किंवा हिंदीत असली की नियमाचं भागतं. मराठीची सक्ती नाही. ज्या घरी आई सकाळी सातला लोकल पकडते, तिथे डबा भरते आजी. तिला मराठी उत्तम वाचता येतं, चष्मा लावून पेपर वाचते. तिच्यासाठी पुढे पदरवाल्या आजीचं चित्र, आणि मैदा मात्र ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’. ही शुद्ध फसवणूक आहे.

‘मग घरी कर ना’ म्हणणाऱ्यांनी आधी सकाळी सहाला ओट्याशी उभं राहून दाखवावं. नाचणीची भाकरी नीट जमते ती उकड काढून: वाटीभर पाण्याला उकळी, मीठ, वाटीभर पीठ, झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळायचं. तेवढी करूनही साडेदहाच्या सुट्टीपर्यंत ती वातड होते आणि डबा तसाच परत येतो. डब्याला घावन बरे. वाटीभर नाचणीचं पीठ, पाव वाटी तांदळाचं, अर्धी वाटी ताक, मीठ, जिरं, रात्रीच भिजवून ठेवायचं. सकाळी पाणी घालून ताकाइतकं पातळ करायचं, कारण दाट राहिलं तर घावन जाड होतो आणि गार झाल्यावर तडकतो. तवा चांगला तापलेला हवा, नाहीतर चिकटतो. पीठ कडेकडून आत ओतायचं, दोन मिनिटं झाकण. गार झाल्यावरच डब्यात, वाफेवर भरलं तर चिकट लगदा होतो. चार घावनांना वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं वाचवायलाच तर पाकिटाचे पैसे मोजले होते!

आणि वाचनाचं काय? 1909 पासून दिवाळीला अंक काढणारी आपली भाषा. अंक आणलेले असतात, टीपॉयवर पडलेले असतात, पहिल्या कथेच्या तिसऱ्या पानावर खूण असते. दिवसाकाठी जी पंधरा मिनिटं डोळ्यांना मिळतात ती जातात मोबाईलच्या टॉर्चमध्ये पाकिटं उलटीपालटी करण्यात. तिच्या वाट्याचं वाचन चोरलंय या पाकीटवाल्यांनी. 2024 च्या जुलैमध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापायचा प्रस्ताव मंजूर झाला, चांगलं झालं. पण ते आकडे पुढे हवेत, त्या कणसाच्या शेजारी, कणसाएवढेच मोठे. मराठीत.

आणि दुकानदार दादा, पाकिटाला दुसरी बाजू आहे. भावाचा स्टिकर तिकडे, त्या आजीच्या फोटोवर चिकटवा.